सातवीचा इतिहास: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

सातवीचं इतिहासाचं पुस्तक घरात आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अरे, हे तर चौथीत झालंय!’ ते अर्धंच खरं आहे. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास गोष्टीसारखा येतो: शिवनेरी, रोहिडेश्वर, प्रतापगड, आग्रा, राज्याभिषेक. सातवीला माणसं आणि प्रसंग बरेचसे तेच असले तरी अपेक्षा बदललेली असते. हे घडलं असं आपण कशावरून म्हणतो, राज्य चालत कसं होतं, आणि महाराजांनंतर सव्वाशे-दीडशे वर्षं काय झालं, हे मुलाला सांगता यायला हवं. चौथीतली गोष्ट पुन्हा पाठ केली तर मार्क पडतात, पण सातवीचा अभ्यास झालेला नसतो.

पुण्यात या विषयाभोवती बरंच सामान विकलं जातं: पुस्तक, गाईड, कोरे नकाशे, चित्रांचे छापील तक्ते, तयार किल्ले, रविवारचे क्लास, शाळेची ठरलेली सहल. पुढचं परीक्षण एकाच कसोटीवर केलंय: या वस्तूमुळे मूल ‘हे कशावरून?’ असं विचारायला लागतं का.

पाठ्यपुस्तक

बालभारतीचं ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ एकाच बांधणीत येतं. इतिहासाचे १३ पाठ, नागरिकशास्त्राचे ६. किंमत पाठ्यपुस्तकाला साजेशी, कमीच. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, पण नकाशे आणि चौकटी मोबाइलवर नीट दिसत नाहीत. छापील प्रत हवीच.

पुस्तकातला सगळ्यात मोलाचा पाठ पहिला, ‘इतिहासाची साधने’, आणि सगळ्यात घाईत उरकला जातो तोही हाच. जूनमध्ये शाळा सुरू होते, निम्म्या मुलांकडे वह्या नसतात, पाऊस असतो, आणि तेवढ्यात भौतिक, लिखित, मौखिक अशा तीन प्रकारांची यादी फळ्यावर लिहून पाठ ‘झाला’ होतो. मुलं यादी घोकतात: किल्ले, नाणी, ताम्रपट, बखरी, पत्रं, शकावल्या, पोवाडे, ओव्या, म्हणी. परीक्षेत ‘गटात न बसणारा शब्द’ ओळखता येतो. त्यापुढचं, म्हणजे कुठल्या साधनावर किती विसंबायचं, ते राहून जातं, आणि मग उरलेल्या बारा पाठांत त्याची आठवण कोणाला होत नाही.

या पाठाला किमान चार तास द्यावेत आणि प्रत्येक तासाला एकच साधन उलगडावं. सभासद बखर घ्या. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस. बखर लिहिली ती मात्र महाराजांच्या मृत्यूनंतर दहाहून अधिक वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. यातून तीन प्रश्न निघतात: लिहिणारा त्या काळी होता का? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? हेच तीन प्रश्न तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्याला विचारा, मुघल दरबारातल्या तवारिखेला, म्हणजे तिथे लिहिलेल्या इतिहासाला, विचारा, इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीतल्या पत्रांना विचारा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे झेपतं. शेजारच्या मुलाने सांगितलेली भांडणाची हकीकत आणि शिपायाने सांगितलेली हकीकत यात फरक असतो हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

तारखांचा गोंधळ इथेच सोडवला की वर्षभराची कटकट मिटते. जुन्या कागदांत शक आणि तिथी असते, पुस्तकात इसवी सन. नियम सोपा आहे: शकात ७८ मिळवा. पण इसवी सन जानेवारीत बदलतो आणि शक चैत्रात, म्हणून जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ म्हणजे ७८, म्हणून १६७४. सिंहगड माघ वद्य नवमी, शके १५९१. माघ म्हणजे ७९, म्हणून १६७०, ४ फेब्रुवारी. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तारीख १४ जानेवारी, म्हणून पुन्हा ७९, १७६१. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे सवयीने ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि मूल म्हणतं पुस्तक चुकलं. ७९ मिळवले की १६३०. हे उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवावं, आधी चुकू द्यावं. मग जन्मवर्षाबद्दल १६२७ की १६३० हा वाद का झाला आणि जेधे शकावलीसारख्या, म्हणजे शकवार घटना टिपलेल्या, नोंदीला त्यात वजन का मिळालं, हे सांगायला जागा तयार होते.

दुसरा पाठ, ‘शिवपूर्वकालीन भारत’, हा पुस्तकाचा कच्चा भाग. पाल, प्रतिहार, राष्ट्रकूट, चोळ, दिल्लीची सुलतानशाही, विजयनगर, बहमनी, मुघल, एवढं सगळं एका पाठात कोंबलंय. प्रत्येक राजवंशाला दोन-चार ओळी. यातून मुलाच्या हाती नावांची माळ लागते, बाकी काही नाही. शिक्षकाने इथे निवड करावी: बहमनी राज्य १३४७ ला उभं राहिलं, पुढे त्याचे पाच तुकडे झाले, वऱ्हाडची इमादशाही, बीदरची बरीदशाही, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, एवढं पक्कं करून बाकीचं वाचून सोडावं. पुढच्या सगळ्या पाठांना हाच पाया लागतो.

चौथा पाठ, ‘शिवपूर्वकालीन महाराष्ट्र’, दिसायला कोरडा पण कामाचा. गाव, कसबा, परगणा, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. गावात वसूल कोण गोळा करतो, किती स्वतःकडे ठेवतो, वर किती जातं, हे इथे समजलं तर सातव्या पाठातल्या ‘स्वराज्याचा कारभार’मध्ये नेमकं काय बदललं ते कळतं. नाहीतर अष्टप्रधानांच्या तक्त्याची घोकंपट्टी तेवढी होते, आणि अमात्य नि सचिव यांची कामं उलटसुलट लिहिली जातात.

पाचव्या-सहाव्या पाठांत मुलं निर्धास्त असतात, कारण प्रसंग ओळखीचे. तपासणीत लाल शाई सगळ्यात जास्त लागते ती इथेच. पुरंदरचा तह, जून १६६५: तेवीस किल्ले आणि वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख मुघलांना दिला. उत्तरपत्रिकेत याचं होतं ‘महाराजांनी चार लाख होन दिले’. होन रोख दिले नाहीत, तेवढा वसूल देणारा प्रदेश दिला. हा फरक कळला नाही तर तह किती जड गेला ते कळत नाही, आणि पाच वर्षांनी किल्ले परत घेण्याची घाई का होती तेही नाही. तसंच होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून, शिलेदाराचं स्वतःचं. चौथ म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहावा. या जोड्या हमखास उलट्या लिहिल्या जातात. वहीच्या शेवटच्या पानावर ‘उलटं होणारं’ असा मथळा देऊन त्या जमवत जाव्यात.

त्या पानावर नावंही घालावीत. अहमदनगरची निजामशाही १६३६ ला संपली, हैदराबादचा निजाम १७२४ पासून. सातवीत दोघांची एक खिचडी होते आणि अहमदनगरचा मलिक अंबर थेट हैदराबादच्या निजामाशी झालेल्या पालखेडच्या लढाईत जाऊन बसतो. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे. बाजीराव दोन, माधवराव दोन. राजगड आणि रायगड यांचं तर विचारूच नका.

नवव्यापासून बाराव्यापर्यंत चार पाठांत १६८० ते १८१८ हा काळ येतो. संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई, १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू, बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, वसई, पानिपत, थोरले माधवराव, महादजी, आणि शेवटी इंग्रज. मजकूर दाट आहे, आणि दुसऱ्या सत्रात स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल या भानगडींत नेमके हेच पाठ सापडतात. तेरावा पाठ, ‘महाराष्ट्रातील समाजजीवन’, मार्चअखेरीस ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो. पोशाख, खाणं, सण, चालीरीती, कारागिरी, म्हणजे मुलाला सगळ्यात जवळचा वाटेल तो भाग. क्रम मोडायला हरकत नाही: तेरावा पाठ सातव्याला जोडून ऑक्टोबरातच घ्यावा.

नागरिकशास्त्राचे सहा पाठ संविधानाचे आहेत: ओळख, उद्देशिका, वैशिष्ट्ये, मूलभूत हक्कांचे दोन पाठ, मार्गदर्शक तत्त्वं आणि कर्तव्यं. इथे मांडणी नीटस आहे. फारसं बाहेरून आणावं लागत नाही.

जुनं पुस्तक घेणाऱ्यांसाठी: चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात २०२३ नंतरची, चार भागांत सगळे विषय एकत्र केलेली, मध्ये नोंदींसाठी कोरी पानं जोडलेली पुस्तकंही मिळतात. तो प्रयोग २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्यातला एकच भाग स्वस्तात मिळाला म्हणून उचलला तर इतिहासाचे चारच पाठ हाती येतात. स्वतंत्र इतिहासाचं पुस्तकच घ्या, आणि राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असल्याने शाळेत यंदा कोणती आवृत्ती चालते ते आधी विचारा.

गाईड

गाईड वाईटच, असं म्हणणारे शिक्षक टेबलाच्या खणात एक ठेवून असतात. त्याचा उपयोग आहे: स्वाध्यायाची उत्तरं एकत्र मिळतात, जास्तीचे एका वाक्यातले प्रश्न मिळतात, घाईच्या वेळी उजळणी होते. प्रश्न उत्तरांच्या दर्जाचा आहे.

‘शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, का ते लिहा’ हा नमुना पाहा. गाईडमध्ये साधारण तीन मुद्दे असतात: पश्चिम किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्या सत्ता होत्या, त्यांचा स्वराज्याला उपद्रव होत होता, त्यांना शह देण्यासाठी आरमार उभारले. बरोबर आहे, मार्क मिळतील. पण ‘आरमार’च्या जागी ‘पायदळ’ घातलं तरी उत्तर तसंच वाचता येतं, इथे त्याची गोम कळते. चांगल्या उत्तरात समुद्र दिसायला हवा: सिद्दीचा जंजिरा चहूबाजूंनी पाण्यात, त्याला जमिनीवरून वेढा घालून भागत नाही, पोर्तुगीज समुद्रात फिरणाऱ्या जहाजांना स्वतःचे परवाने घ्यायला लावत, किनारा हाती आला तरी पाणी दुसऱ्याचंच राहत होतं. म्हणून जहाजं, आणि म्हणून १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. चारच ओळी, पण दुसऱ्या प्रश्नाला न चालणाऱ्या.

गाईड विकत घेण्याआधी काउंटरवरच तीन पानं उघडून पाहा. पहिल्या पाठात बखरीच्या मर्यादांबद्दल एक तरी वाक्य आहे का? नकाशाच्या पानावर जिंजी आणि अटक दिसतात का? आणि ‘उपक्रम’ या मथळ्याखाली काय आहे? तिथे ‘विद्यार्थ्यांनी स्वतः करावा’ असं असेल तर ते गाईड प्रामाणिक समजावं. घरातल्या आजीची मुलाखत उत्तरांसकट छापलेली असेल तर पुस्तक परत ठेवा. साऱ्या वर्गाला एकच आजी मिळते.

नमुना प्रश्नपत्रिकांचे स्वतंत्र संच सातवीला नकोत.

नकाशे आणि काळपट्टी

स्टेशनरीच्या दुकानात सुटे कोरे नकाशे मिळतात. मुलं सवयीने ‘महाराष्ट्र, राजकीय’ मागतात, आणि दुकानदारही तोच देतो. त्यात आजचे जिल्हे असतात, नद्या नसतात. इतिहासाला तो जवळपास निरुपयोगी. ‘महाराष्ट्र, प्राकृतिक’चे दोन आणि ‘भारत, नद्या’चे तीन घ्या. नववा पाठ सुरू झाला की महाराष्ट्राचा नकाशा पुरतच नाही: राजाराम महाराज जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, पानिपत हरियाणात, १७५८ मध्ये गाठलेलं अटक आजच्या पाकिस्तानात.

भरण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पेन्सिलीने सह्याद्रीची धार, मग भीमा, नीरा, कोयना, कृष्णा, गोदावरी, मग किनाऱ्यावरची ठिकाणं, किल्ले सगळ्यात शेवटी. उलट केलं, आधी किल्ल्यांचे ठिपके दिले, की ते हवेत तरंगतात. राजगड आणि रायगड यांची अदलाबदल होते ती यामुळेच. सह्याद्रीची रेघ आधी असेल तर राजगड घाटमाथ्याकडे पुणे जिल्ह्यात आणि रायगड घाटाखाली महाडजवळ, हे चुकत नाही. आणि राजधानी एकीकडून दुसरीकडे का नेली असेल हा प्रश्न मूल आपणहून विचारतं. जेलपेन वापरू नका, पातळ कागदावर शाई फुटते. पेन्सिल आणि दोन रंगीत खडू पुरतात.

भिंतीवरचे छापील कालदर्शक तक्ते दिसतात छान, पण त्यांत सगळ्या घटना सारख्या अंतरावर असतात आणि तिथेच घात होतो. पट्टी घरी करावी. एका कार्डशीटच्या लांब बाजूने दहा सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापून जोडा. माप १ सेंटिमीटरला २ वर्षं. १६३० ते १८१८ म्हणजे १८८ वर्षं, ९४ सेंटिमीटर. दर ५ सेंटिमीटरवर दशक येतं. आता खुणा करा: १६५९, १६६५, १६७४, १६८०, १६८९, १७०७, १७१३, १७३९, १७६१, १७७२, १८१८. महाराजांचं सगळं आयुष्य २५ सेंटिमीटरांत बसतं. राज्याभिषेकापासून मृत्यूपर्यंत फक्त ३. औरंगजेबाशी झुंज, १६८१ ते १७०७, तब्बल १३. आणि १७१३ पासून १८१८ पर्यंतची पेशवाई साडेबावन्न. पुस्तकात कशाला किती पानं मिळाली आणि काळ किती होता, हा ताळा मुलाच्या नजरेत एकदम भरतो. चूक एकच होते: काही मुलं पट्टी शून्यापासून मोजण्याऐवजी मागच्या खुणेपासून मोजतात आणि १७६१ पर्यंत दोन-तीन सेंटिमीटरची घसरण होते. प्रत्येक खूण डाव्या टोकापासूनच मोजायला सांगा.

खर्च दोन चहांचा, आणि या अख्ख्या सामानात पाठ्यपुस्तकाच्या खालोखाल उपयोगाची वस्तू हीच.

प्रकल्प

चित्रांचे छापील तक्ते, मागे माहिती, पुढे ‘थोर व्यक्ती’ नाहीतर ‘गडकिल्ले’, कापून वहीत चिकटवायचे. मुलाला कात्री चालवता येते एवढंच त्यातून कळतं. घेऊ नका.

पुण्यात याहून चांगला प्रकल्प आपोआप घडतो, दिवाळीचा किल्ला. पहिलं सत्र संपता संपता दिवाळी येते आणि सातवा पाठ तेव्हाच्याच सुमाराला असतो. कुंभारवाड्यात तयार किल्लेही मिळतात, रंगवलेले, झेंड्यासकट. ते शोभेला ठीक, प्रकल्पाला नाहीत. घरचा करायचा तर विटा-दगडांचा उंचवटा, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा थर. गोणपाट टाळलं तर दुसऱ्या पाण्यालाच माती सरकते. अळीव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरावेत, पाणी शिंपडून द्यावं, ओतू नये.

मार्क सजावटीला देऊ नयेत. पाहायचं ते हे: बालेकिल्ला आणि माची वेगळी कळते का? राजगड केला असेल तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आहेत का? दरवाजा समोरून दिसतो की बुरुजांच्या आड वळणात लपलाय? पाण्याची टाकी किती आणि कुठे? दारूकोठार वस्तीपासून लांब आहे का? मग तोंडी दोन प्रश्न: गडावर किल्लेदार, सबनीस, कारखानीस असे तीन वेगळे अधिकारी का, आणि यातला एक फितूर झाला तर काय? लढणारी माणसं एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, धान्य-दारूगोळा तिसऱ्याकडे, हे मातीच्या किल्ल्यासमोर उभं राहून सांगताना मुलं अडखळत नाहीत.

सहल

पुण्यातल्या शाळेला साधनं शोधायला लांब जावं लागत नाही, तरी बस थेट वॉटर पार्ककडे वळते. असो.

लाल महाल आधी पाहावा, आणि एका कारणासाठी. आज उभी असलेली इमारत १९८० च्या दशकात महापालिकेने उभारलेली आहे. शायिस्तेखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा. मुलांना आत नेण्याआधी विचारा: ही वास्तू भौतिक साधन आहे का? असेल तर कोणत्या काळाचं? पहिला पाठ इथे पाच मिनिटांत समजतो, वर्गात चार तास घालवूनही कधीकधी समजत नाही.

तिथून शनिवारवाडा चालत. १० जानेवारी १७३० ला पाया, १७३२ ला वास्तुशांत, २७ फेब्रुवारी १८२८ ची आग. आत आता मुख्यतः जोती आणि बागा, म्हणून मुलं कंटाळतात. त्यांना तटाकडे वळवा. खाली दगड, वर विटा. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे किती उंचीवर आहेत आणि त्या उंचीवर कोणाचं कपाळ येतं? दगडाचं काम अर्ध्यावर थांबून विटा का आल्या याची एक दंतकथा सांगितली जाते. ती सांगा, आणि लगेच बखरीला विचारलेले तीन प्रश्न तिलाही विचारायला लावा. ‘काका, मला वाचवा’ची भुताटकी मुलं विचारणारच. १७७३ चा नारायणरावांचा खून सांगून मोकळं व्हावं, नाहीतर उरलेला तास त्यातच जातो.

तेराव्या पाठासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, दारं, खेळणी. घरगुती वस्तूंचा असा संग्रह शहरात दुसरा नाही. सगळं दाखवायचा हट्ट धरला की मुलं तासाभरात गळतात. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी आणि चार गोष्टी लिहाव्यात: कशाची केलीय, कशासाठी, कोणाच्या घरातली असेल, आणि झीज कुठे दिसते. झिजलेली बाजू पाहायला सांगितलं की मूल वस्तू हातात धरणाऱ्या माणसाचा विचार करू लागतं. एक इशारा: संग्रहातलं बरंचसं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे, आणि वहीत मात्र सर्रास ‘शिवकालीन’ लिहिलं जातं. पाटीवरचा काळ उतरवून घेणं सक्तीचं करा. वीसपेक्षा जास्त मुलं एका दालनात घालू नका.

मोडीतला कागद डोळ्यांनी पाहणं हाही वेगळा अनुभव आहे. १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, आणि पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. वर्गाच्या वर्ग तिथे नेणं व्यवहार्य नाही; एखाद्या छापील पत्राची मोडी प्रत आणि शेजारी देवनागरी वाचन, एवढी झेरॉक्स पुरते. मायना, तारीख, कोणी कोणाला, काय मागितलं, एवढंच शोधायला लावा.

पाताळेश्वर सहावीसाठी आणि आगाखान पॅलेस आठवीसाठी राखून ठेवा. एका दिवसात आठव्या शतकापासून १९४२ पर्यंत फिरवलं तर डोक्यात काही उरत नाही.

क्लास, व्हिडिओ

बहुतेक क्लासचा जीव गणित-विज्ञानात असतो. समाजशास्त्र रविवारी, नोट्सच्या झेरॉक्सवर. चौकशीला गेलात तर एकच विचारा, पहिल्या पाठाला किती तास देता. थेट ‘स्वराज्यस्थापने’पासून सुरुवात असेल तर ते पैसे वाचवा. व्हिडिओंमध्ये मालिकांतली दृश्यं आणि पोशाख बेधडक वापरलेले असतात. किल्ल्यांचं ड्रोन चित्रण तेवढं पाहण्यासारखं.

गुण

सातवीला आकारिक मूल्यमापन ४० आणि संकलित ६० असा भार आहे. म्हणजे प्रकल्प, तोंडी काम, उपक्रम, वर्गकार्य यांना चांगलं वजन आहे; पालक मात्र लेखी पेपरावरच डोळा ठेवून असतात. काळपट्टी, भरलेले नकाशे आणि संग्रहालयातलं टिपण एकाच फाइलला लावून ठेवलं तर आकारिकचं काम वर्षभरात होऊन जातं, शेवटच्या आठवड्यात रात्री जागून चित्रं चिकटवावी लागत नाहीत.

आणि एप्रिलमध्ये निकाल लागला की हे पुस्तक रद्दीत किंवा धाकट्या भावंडाच्या मित्राला देऊन टाकू नका. आठवीत एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट) शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मूल बसणार असेल तर त्यात समाजशास्त्रावर ३५ प्रश्न असतात, आणि सातवीचा भाग त्यात येतो. पुस्तक आणि ‘उलटं होणारं’ हे वहीचं शेवटचं पान, दोन्ही परीक्षा होईपर्यंत कपाटात असू द्यावं.